रेघेखालचा चौकोन

सरांच्या वर्गात शिरताना नमस्कार वगैरे चालत नसे. दारातच ते उभे असायचे, हातात एक फुटाची लाकडी पट्टी घेऊन. आपण उंबऱ्यात पाय ठेवला की म्हणायचे, "धर." मग अंगठा आणि तर्जनी जराशी उघडी ठेवून हात पुढे करायचा. सर पट्टीचं वरचं टोक धरायचे, खालचं शून्य बरोबर आपल्या चिमटीच्या मधोमध आणायचे आणि काही न सांगता पट्टी सोडून द्यायचे. कधी लगेच, कधी आपण कंटाळून खिडकीबाहेर बघायला लागलो की. पट्टी चिमटीत जिथे सापडली तो आकडा ते खणखणीत आवाजात वाचायचे, "साडेसात!" "नऊ!" आणि मगच बाकाकडे जायची परवानगी मिळायची. निम्म्या वर्गाच्या हातून ती सगळीच निसटून फरशीवर आपटायची. त्यावर सर रागवायचे नाहीत. "गेली," एवढंच म्हणायचे आणि पुढच्याला बोलवायचे.

"शून्यावर पकडेल त्याला माझी सायकल देईन," असं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं. सायकलच्या आशेने आम्ही घरोघरी उलथनी घेऊन सराव केला. माझ्या हातून आईचं उलथनं एकदा आमटीत पडलं आणि पाठीत धपाटा बसला. काही महाभागांनी पट्टी सुटायच्या आधीच चिमूट मिटून बघितली. पण सरांना ते कसं कळे कोण जाणे, ते पट्टी हातातच ठेवून त्या पोराकडे बघत उभे राहायचे आणि वर्ग हसायचा. एकदा हेडमास्तर काही निरोप द्यायला आले तर त्यांनाही सर म्हणाले, "धरा." हेडमास्तरांची पट्टी गेली. त्यांनी पुन्हा मागितली. पुन्हा गेली. तिसऱ्यांदा आठावर सापडली तेव्हा आमच्याकडे विजयी मुद्रेने बघत ते निघून गेले आणि निरोप द्यायचा राहिला.

सायकल सरांकडेच राहिली, हे वेगळं सांगायला नको.

पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. पिंपरी तेव्हा गावच होती, पण गावपण सुटायला लागलं होतं. एका बाजूला औषधांचा मोठा कारखाना उभा राहत होता, दुसऱ्या बाजूला फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांची छावणी आणि त्यांची दुकानं, आणि मधून मुंबई-पुणे रस्ता. आमची शाळा या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर होती. सर मूळचे महाळुंग्याचे, चाकणजवळच्या. आठवडाभर ते पिंपरीत एका खोलीत राहायचे आणि शनिवारी दुपारी सायकलवर घरी जायचे. पण इंद्रायणीच्या पुलाकडे रस्ता उतरायला लागला की हा गृहस्थ सायकलवरून खाली उतरे आणि उतारभर ती हातात धरून चाले. चढावर बसून पायडल मारायचा, उतारावर पायी! बघणारे हसायचे. आम्ही एकदा धीर करून कारण विचारलं, तेव्हा म्हणाले, "उतारावर वेग मी ठरवत नाही, उतार ठरवतो. ते मला चालत नाही."

काळा कोट, त्याचा उजवा खिसा खडूने कायमचा पांढरा. त्याच खिशात फुटाणे. खूश झाले की मूठभर फुटाणे काढून द्यायचे, आणि ते खाल्ले की दातांवर खडू करकरायचा. तरी आम्ही मिटक्या मारत खायचो. बोलणं एकदम पुस्तकी, पुणेरी. पण संतापले किंवा फारच आनंदले की आतला महाळुंगेकर बाहेर पडायचा. तसा तो वर्षातून दोन-तीनदाच पडे, त्यामुळे ते प्रसंग सगळ्यांच्या लक्षात आहेत.

पहिला प्रसंग नववीतला, वेग-काल आलेखाचा. सरांनी फळ्यावर एक आडवी रेघ काढली, तिच्या टोकाशी 'काळ' लिहिलं. एक उभी काढली, तिथे 'वेग'. मग मध्ये एक रेघ काढली: आधी चढणारी, मग सपाट, मग उतरणारी. आणि विचारलं, "ही गाडी काय करते आहे?"

आख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "घाट चढते आहे!"

त्यात आमचं काय चुकलं? निम्म्या वर्गाचे बाप रेल्वेत किंवा रस्त्यावर. बोरघाट आमच्या घरातल्या बोलण्यात रोजचा. गाडी खोपोलीहून वर चढली, खंडाळा-लोणावळ्याला सपाटीला लागली आणि मग पुण्याकडे उतरली. फळ्यावर तर सरळ सरळ तेच दिसत होतं. एका पोराने उठून सपाट रेघेवर बोट ठेवून चहाचं हॉटेल कुठे येतं तेसुद्धा दाखवलं.

सरांचा चेहरा लाल झाला. "उभ्या रेघेवर काय लिहिलंय?"

"वेग."

"मग तिथं खंडाळा कुठनं आला? उभीवर वेग हाय रे, डोंगर न्हाई! डोंगर न्हाई!"

आम्हाला हसूही आवरेना आणि भीतीही वाटत होती. सरांनी सगळ्यांना मैदानावर काढलं. तोच आलेख फक्कीने मातीत आखला आणि म्हणाले, "आता हा चालून दाखवा." चढती रेघ कशीबशी जमली, सगळे हळूहळू जोरात चालायला लागले. सपाट रेघ आली तशी सगळी पलटण जागच्या जागी उभी! आणि उतरती रेघ आली तेव्हा आम्ही सगळे पाठमोरे मागे चालायला लागलो आणि एकमेकांच्या पायांत पाय अडकून पडलो. सरांनी कपाळाला हात लावला. मग जवळ येऊन, एकेकाला उठवत, अगदी हळू आवाजात म्हणाले, "रेघ सपाट म्हणजे गाडी थांबली नाही, एकाच वेगाने चालली आहे. आणि रेघ खाली आली म्हणजे माणूस मागे आला का? पुढेच चाललाय ना? हळू झालाय, इतकंच."

संध्याकाळी घरी गेले आणि हे सांगितलं. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, मुंबई-पुणे रस्त्यावर मालाचा ट्रक चालवायचे. साताऱ्याकडून पोट भरायला आलेला माणूस, चौथीपर्यंत शिकलेला. जेवता जेवता ते इतके हसले की ठसका लागला. मग म्हणाले, "मास्तरचं खरं हाय. घाट चढताना गाडी वर जाती, पर वेगाचा काटा खाली येतो. सांग त्यास्नी, म्हनावं घाट चढताना रेघ उतरती."

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं. सर पट्टी हातात धरून तसेच उभे राहिले. मग फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात त्यांनी लिहिलं, 'घाट चढताना रेघ उतरते', आणि माझ्या ओंजळीत दोन मुठी फुटाणे ओतले. ते वाक्य वर्षभर कुणी पुसलं नाही.

तेव्हापासून दोघांचं बोलणं माझ्यामार्फत चालू झालं. सर विचारायचे, भरलेली गाडी आणि रिकामी गाडी, दोन्हींची रेघ सारखीच चढते का? आबा सांगायचे, "भरल्या गाडीला नव्या नवरीवानी उठवावं लागतं, धसमुसळेपना चालत न्हाई." मग फळ्यावर एक निजलेली चढण आणि एक ताठ चढण उमटायची. दोघे कधी एकमेकांना भेटले नव्हते. आबा वरवर "मास्तरला काय कामधंदा न्हाई" म्हणायचे, पण कुठला ट्रकवाला भेटला की हमखास सांगायचे, "आपन शाळंत शिकवतो, बसल्या जागी."

सरांचं दुसरं वेड म्हणजे पोट. "रेघ वेग सांगते, पण अंतर कुठे असतं? रेघेच्या पोटात. रेघ आणि जमीन, म्हणजे खालची आडवी रेघ, यांच्यामध्ये जी जागा असते ना, ती मोजा. गाडी तेवढी गेली." चौकटीच्या कागदावर आम्ही डोकी खुपसून चौकोन मोजायचो. सर आजूबाजूच्या माणसांनाही याच मापाने मोजायचे. आमचा शिपाई आयुष्यभर एकाच चालीने चालत आलेला. त्याच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "याची रेघ कधी उंच गेली नाही, पण पोट बघा केवढं झालं!" शिपाई आपल्या पोटावरून हात फिरवायचा आणि आम्ही लोळायचो.

त्या वर्षी दिवाळीनंतर आबांच्या गाडीखाली माणूस गेला.

आबा मुंबईहून पुण्याला माल घेऊन येत होते. गोदाम बंद व्हायच्या आत पोचायचं होतं. पिंपरीत आमच्या घरावरून जाताना त्यांनी नेहमीसारखा हॉर्न दिला, मी दारात येऊन हात हलवला. पुढे दापोडीत, दिवस मावळायला आला असताना, एका म्हाताऱ्याच्या हातून शेळीचं दावं सुटलं. शेळी रस्त्यात आली आणि तिच्यामागे म्हातारा धावला. शेळी पलीकडे निघून गेली. म्हातारा वाचला नाही.

पोलिसांनी पंचनामा केला. टायरच्या खुणा होत्या, बघणारी माणसं होती, सगळ्यांनी एकच सांगितलं की म्हातारा एकाएकी आडवा आला. आबांवर काही ठपका आला नाही. चार दिवसांत मालकाचा निरोपही आला, गाडीवर या.

आबा गेले नाहीत. आमच्या दारातली बाज रस्त्याकडे तोंड करून असायची. ती त्यांनी फिरवली आणि रस्त्याकडे पाठ करून बसायला लागले. ट्रक गेला की त्यांचे खांदे आखडायचे. जेवण दोन घास. आई समजावून थकली. शेवटी तिच्याशी बोलले ते एवढंच, "मी बघितलं व्हतं त्याला. शेळी बघितली, म्हातारा बघितला. बघूनबी गाडी गेलीच की. मंजी तवर मी काय करत व्हतो?"

हा प्रश्न ते दिवसातून किती वेळा स्वतःशी पुटपुटायचे. मालकाचा माणूस पुन्हा आला आणि सांगून गेला की येत्या सोमवारी आला नाहीत तर दुसरा ड्रायव्हर ठेवतो. आईने गावी परत जायची भाषा सुरू केली. गावी गेलो की माझी शाळा सुटणार हे मला कळत होतं आणि त्याचं वाईटही वाटत होतं, खोटं कशाला सांगू. पण त्याहून भीती वाटत होती ती आबांच्या त्या पाठीची. हा माणूस आता असाच बसून राहणार, असं वाटायचं.

शाळेत सगळ्यांना माहीत होतं. सर मला दारात पट्टी धरायला लावायचे, आकडा वाचायचे, बाकी एक शब्द नाही. मला त्यांचा राग आला होता. इतके दिवस निरोप पाठवत होते, आता साधं 'आबा कसे आहेत' एवढंही विचारवत नाही?

मग एका तासाला त्यांनी थांबणाऱ्या गाडीचा आलेख काढला. सपाट रेघ, आणि मग खाली उतरत जमिनीला टेकणारी. म्हणाले, "इथे चालकाने ब्रेक लावला. इथे गाडी थांबली. मधल्या त्रिकोणाएवढी ती ब्रेक लावल्यावरही गेली."

मी उभी राहिले. आपण उभं राहतोय हे मला ठाऊकही नव्हतं. मी म्हणाले, "सर, चालकाला माणूस दिसला तो क्षण यात कुठे आहे?"

सर फळ्याकडे बघत राहिले. मग पट्टीकडे बघितलं. मग पुन्हा फळ्याकडे. "तो मी काढलाच नाही," ते म्हणाले. "पुस्तकातही काढलेला नाही." स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "इतकी वर्षं पट्टी टाकतोय मी." त्यांनी आलेख पुसला आणि तास संपायच्या आधीच वर्ग सोडून दिला. असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी ते आमच्या घरी आले. सायकल भिंतीला टेकवली, चपला काढल्या आणि आबांच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसले. आई पाणी घेऊन आली. आलेल्या माणसाने दुखवट्याला आल्यासारखं काहीतरी बोलावं, झालं गेलं म्हणावं, देवाची मर्जी म्हणावं, अशी आईची अपेक्षा होती. सरांनी कोटातून पट्टी काढली आणि म्हणाले, "धरा."

आबांना पट्टी माहीत होती, माझ्याकडून ऐकलेली. त्यांनी न समजून हात पुढे केला. पट्टी सुटली. साडेपाचावर सापडली. इतक्या लवकर शाळेत कुणालाच कधी सापडली नव्हती. सरांनी पुन्हा धरली. सहा. पुन्हा. साडेपाच. आबांचं लक्ष आता पट्टीवर खिळलं होतं, कपाळावर आठी, बोटं ताठ. पुन्हा साडेपाच.

"मास्तर, चेष्टा करायला आला का?" आबा एकदम भडकले.

"न्हाई," सर म्हणाले, आणि आतला महाळुंगेकर बाहेर आला. "तुमाला ठावं हाय पट्टी पडनार. दुसरं काय बी डोक्यात न्हाई. डोळं तिच्याव रोवून बसलाय. तरी बी एवढी सटकती. मी वीस वर्सं बघतोय, शून्याव कुनाला घावत न्हाई. ह्या पोरांना न्हाई, हेडमास्तरला न्हाई, मला न्हाई. आन् हा नुसता हात हाय. पायाला तर एकीकडनं उचलून ब्रेकवर जायचं आसतं."

सरांनी खिशातून खडू काढला, त्याबरोबर दोन फुटाणे जमिनीवर सांडले. नुकत्याच सारवलेल्या भुईवर त्यांनी आडवी रेघ ओढली, उभी रेघ ओढली. मग एक सपाट तुकडा, आणि त्याच्या पुढे उतरती रेघ.

"हितं म्हातारा दिसला." सपाट तुकड्याच्या सुरुवातीला त्यांनी बोट ठेवलं. "हितं ब्रेक लागला. तुमी इचारता ना, तवर मी काय करत व्हतो? तवर डोळ्याकडनं पायाकडं सांगावा चालला व्हता. तेवढा येळ लागतोच. तेवढ्यात गाडी आपली व्हती त्याच वेगानं चालली." सपाट तुकड्याखाली जो चौकोन झाला होता त्यावर त्यांनी तळहात ठेवला. "ह्यो चौकोन कुनाचाच न्हाई."

आबा बाजेवरून खाली उतरले आणि त्या आकृतीपाशी उकिडवे बसले. किती तरी वेळ बघत होते. आईचे डोळे भरून आले होते. मला वाटलं झालं, सुटलो.

मग आबांनी बोट पुढे केलं आणि सपाट रेघेवर नाही, तिच्या बाजूच्या उभ्या रेघेवर ठेवलं. "आन् ही उंची?"

सरांनी खडू खाली ठेवला.

"गोदाम बंद हुईल म्हनून मी दाबली व्हती गाडी. रोजच्यापरीस जास्त." आबा म्हणाले. "ही रेघ खाली असती, तर ह्यो चौकोन बी ल्हान झाला असता. व्हय का न्हाई?"

आई सरांकडे बघत होती. 'नाही' म्हणा, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मीही मनात तेच म्हणत होते.

"व्हय," सर म्हणाले.

"मंजी उंची माजी."

"व्हय. उंची आपलीच असती."

सर उठले, चपला घातल्या आणि सायकल हातात धरून निघाले. ते दहा पावलं गेले नसतील तोच आई दारातून मोठ्याने म्हणाली, "येवढा शिकलेला मानूस, येक खोटं बोलता यीना व्हय?" मी बघितलं, सायकल क्षणभर थांबली. मग पुढे गेली.

सकाळी आई शेणाचा गोळा आणि पाण्याची बादली घेऊन सारवायला बसली. त्या आकृतीपर्यंत आली तसा आबांनी हात आडवा केला. "तेवढं ऱ्हाऊ दे." आईने रागाने भोवतीने सारवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. घरात येणारंजाणारं तेवढा तुकडा ओलांडून चालायचं. माझं मत आईच्या बाजूचं होतं. बरं व्हायला आलेल्या माणसाला सरांनी पुन्हा खड्ड्यात ढकललं, असं मला वाटत होतं, आणि शाळेत मी त्यांची पट्टी मुद्दाम पडू देत होते. "गेली," ते म्हणायचे, बाकी काही नाही.

शनिवारी शाळेतून आले तर आबा त्या आकृतीपाशी उकिडवे बसलेले. हातात माझा खडू. सरांनी काढलेल्या सपाट रेघेखाली, दोन बोटं खाली, त्यांनी आपली एक रेघ काढली होती. तीही सपाट, पण ठेंगणी. तिच्याखालचा चौकोन हाताने झाकून बघत होते, मग मोठा चौकोन झाकून बघत होते. मला बघून म्हणाले, "ह्यात बी गाडी पोचतीच की. जरा उशिरा."

मग त्यांनी अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि दापोडीला त्या म्हाताऱ्याच्या घरी गेले. अपघात झाल्यापासून त्यांचं तिकडे पाऊल वळलं नव्हतं. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी आयुष्यभर कधी सांगितलं नाही. परत आले ते डोळे सुजवून, पण आल्या आल्या पोटभर जेवले. बाज फिरवून पुन्हा रस्त्याकडे तोंड केली. आणि आईला म्हणाले, "सारव आता."

सोमवारी ते गाडीवर गेले. पुढे पंचवीस वर्षं त्यांनी ट्रक चालवला. गावातून, वस्तीतून जाताना त्यांची गाडी अशी चालायची की सायकलवाले पुढे जायचे. रस्त्यावरचे ड्रायव्हर त्यांना 'बैलगाडी' म्हणायचे. "काय राव, बैलांना चारा घातला का?" असं ओरडत शेजारून जायचे. मालक उशिरावरून कुरकुरायचा. आबा हसायचे आणि काटा खालीच ठेवायचे.

मी मॅट्रिक झाले, पुढे शिकले, नोकरी केली, आणि सर मागे पडले. पुन्हा भेट झाली ती आबा जाऊन बरीच वर्षं लोटल्यावर. महाळुंग्याला एका लग्नाला गेले होते. गावाच्या चहूबाजूंनी कंपन्यांची कुंपणं पडायला लागली होती, शिफ्टच्या बस धुरळा उडवत जात होत्या. सर ओट्यावर बसलेले. फार थकले होते, पण मला नावानिशी ओळखलं. समोरून एक बस भरधाव गेली, तशी तिच्याकडे हात करून म्हणाले, "उंची बघ केवढी. आणि शाळा सुटायची वेळ आहे."

इकडचं तिकडचं झालं. मग ते एकदम म्हणाले, "तुझी आई अजून रागावलेली आहे का माझ्यावर?"

मी दचकलेच. "तुम्ही ऐकलं होतं?"

"ऐकलं म्हणजे? त्या दिवशी खोलीवर पोचेपर्यंत तेच ऐकत चाललो होतो. अजूनही एखादे दिवशी ऐकू येतं." मग म्हणाले, "एवढं एक खोटं बोललो असतो तर काय बिघडलं असतं? तुझे वडील आधीच मेल्यासारखे झाले होते. मला काही उत्तर सापडलं नाही गं. ते गाडीवर गेले हे कळलं, बरं वाटलं. पण ते माझ्यामुळे गेले की मी असूनही गेले, हे कोण सांगणार?"

मला वाटत होतं त्यांना सगळं ठाऊक असेल. पण कोण सांगणार होतं? आबांनी निरोप पाठवणं त्यानंतर बंद केलं होतं, आणि मी तर रुसलेली. मग मी त्यांना सांगितलं. न सारवलेला तुकडा. दोन बोटं खाली ओढलेली रेघ. दापोडीला जाणं. आणि आई शेवटच्या आजारात काय म्हणाली तेही सांगितलं: "मास्तर खोटं बोलला असता तर ह्यो मानूस दापोडीला कुठल्या तोंडानं गेला असता? आन् तिथं गेल्याबिगर गाडीवर बसला असता का?"

सर ऐकत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. मग नातवाला हाक मारून आतून पट्टी मागवली. तीच होती, कडा झिजून गोल झालेली. ती माझ्या हातात दिली आणि चिमूट उघडून पुढे केली. "सोड."

मी शून्य त्यांच्या चिमटीत आणलं आणि पट्टी सोडली. बोटं मिटली तोवर ती ओट्यावर पडून घसरत पायरीपर्यंत गेली होती.

"गेली," मी म्हणाले.

"चौकोन वाढला," सर म्हणाले आणि दात नसलेल्या तोंडाने मनापासून हसले. मग काठी जवळ ओढत म्हणाले, "म्हणून आता मी सपाटीवरसुद्धा हळू चालतो."

मी उठून पट्टी उचलून आणली. त्यांनी पुन्हा हात पुढे केला होता.